न चाखलेली खीर

अन्याय मैनाबाई कोवे यांच्यावर झाला. गेल्या दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, नाश्त्याची भांडी अजून ओली असताना, चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका मोठ्या हॉटेलात, सगळ्या स्वयंपाकघरादेखत त्यांना चुलीवरून उठवलं आणि भांडी घासायला मोरीवर बसवलं. कारण असं दिलं की स्वयंपाकीण असून त्यांनी चव न घेता खीर वाढली.

आमच्या कामगार संघटनेची पत्रकं अशीच सुरू होतात. कुणावर, कधी, कुठे, काय. चार ओळींत सगळं आलं पाहिजे, कारण पाचवी ओळ वाचायला माणूस थांबत नाही. मी सवयीने तशीच सुरुवात केली, बाई, आणि ‘यांच्यावर’ या शब्दाशी अडले. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, “हे कोनाचं वो नाव घेऊन राह्यली? यांच्यावर म्हनते. मी का तहसीलदार हाय?”

म्हणून पत्रक बाजूला ठेवते आणि तुझ्याशीच बोलते. बाकीच्यांनी हवं तर ऐकावं.

होळीचा रंग भिंतींवरून गेला नव्हता तेव्हा तू गेलीस. तापाने. हॉटेलने तुला मारलं असं मी लिहिणार नाही. लिहायला हात शिवशिवतात, पण ते खरं नाही आणि तू ते खपवून घेतलं नसतंस. गावाहून आरमोरीला आणेपर्यंत ताप डोक्यात गेला. रस्त्याचं आणि दवाखान्याचं भांडण वेगळं आहे, तेही करायचं आहे. इथे मला एवढंच म्हणायचं आहे की तू गेलीस तेव्हा स्वयंपाकीण नव्हतीस. शेवटचे सगळे महिने तुझे हात साबणाच्या पाण्यात गेले. ज्या हातांच्या तळव्यावर आख्ख्या हॉटेलची चव ठरायची, त्या हातांची कातडी सोलून निघाली होती. आणि लोक मला विचारतात, पगार तर तोच होता ना? होता. मॅनेजरही तेच म्हणाला. पगार तोच, ड्यूटी तीच, मग बाईचं गेलं काय?

काय गेलं ते मला ठाऊक आहे, कारण मी ते आधी पाहिलेलं होतं.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.ए. करून मी त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर लागले तेव्हा तू तिथे जुनी होतीस. जेवणाच्या हॉलशेजारी गवताचं छप्पर घालून, शेणाने सारवून एक झोपडी केली होती, तिला ‘गावची चूल’ असं नाव. वाघ बघून आलेले पाहुणे तिथे येऊन तुझ्या हातची तांदळाची भाकर खायचे आणि फोटो काढायचे. फोटोसाठी तुला नऊवारी लुगडं आणि दाबाची मोठी नथ. तुझ्या गावात तसं लुगडं कोणी नेसत नाही, तशी नथ कोणी बघितलेली नाही, आणि पोटऱ्यांवरचं गोंदण तर त्या लुगड्याखाली झाकूनच जायचं. माझ्या पहिल्याच आठवड्यात तुझी नथ सटकून वरणाच्या पातेल्यात पडली. तू पळीने ती काढलीस, धुतलीस, पुन्हा नाकाला लावलीस आणि मला म्हणालीस, “हे नाकात घालून मले श्वास घेता येत नाई, आनं सायेब म्हनते नॅचरल दिसा.”

मी तिथेच तुझी झाले.

तुझी चव घ्यायची रीत अजून डोळ्यांसमोर आहे. पळीतलं थोडंसं डाव्या तळव्यावर टाकायचीस, जिभेने टिपायचीस आणि मग मान वर करून छपराकडे बघत राहायचीस, जणू निकाल तिकडून यायचा आहे. तेवढा वेळ सगळं स्वयंपाकघर थबकायचं. कांदा चिरणारा सुरी थांबवायचा. मग तू खाली बघून नुसतं ‘हं’ म्हणायचीस, नाहीतर मिठाच्या डब्याकडे हात करायचीस. शहरातून शिकून आलेले आचारी होते, त्यांची पांढरी टोपी होती. पण पातेलं बाहेर जायचं ते तुझ्या ‘हं’वर. तुझं पदनाम काय होतं माहीत आहे? ‘मदतनीस’.

वर्षातून एकदा वरच्या ऑफिसातून एक तक्ता यायचा. कर्मचारी समाधान. पानावर तीन तोंडं छापलेली, हसरं, सरळ आणि रडकं. प्रत्येकाने आपलं एक निवडून त्यावर खूण करायची. ते गोळा करणं माझ्याकडे होतं. तुझ्याजवळ आले तेव्हा तू डाळीतले खडे निवडत होतीस. मी समजावलं. तू तक्त्याकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, हे हसरं चुलीले लाव. हे रडकं आमच्या झोपाच्या खोलीले लाव, वर टीन हाय आनं पंखा नाई. आनं हे सरळ तोंड सायबाले लाव, तो हसत बी नाई आनं रडत बी नाई. मी म्हटलं, बाई, एकच निवडायचं असतं. तू म्हणालीस, “एका मानसाले एकच तोंड कसं लावू?”

मी तिन्हींवर खुणा करून कागद पाठवला. तुझा कागद बाद झाला, मोजलाच नाही. त्या वर्षी त्या हॉटेलला कामासाठी उत्तम जागा म्हणून पितळी पाटी मिळाली आणि ती माझ्या टेबलामागे लागली. रोज सकाळी मीच पुसायचे.

कामात समाधान म्हणजे काय यावर शहरात मोठाली शिबिरं होतात, मी दोनेक बघून आले. तू ते मला मोरीजवळच्या पायरीवर बसून सांगितलं होतंस. माणूस खाते तं पयल्या घासाले त्याचा चेहरा बदलते, म्हणालीस, आणि तो बदलताना दिसला की तुझा दिवस निघायचा. म्हणून तू भाकर थापता थापता कुडाच्या फटीतून बघत असायचीस. मला वाटायचं पाहुण्यांचे कपडे बघतेस. तू घास बघायचीस. एकदा एक दात पडलेले आजोबा आले, त्यांची सून त्यांच्यासाठी सूप मागवत होती. तू कुणाला न विचारता भाकर वरणात कुस्करून, वर मोहाच्या बियांच्या तेलाची धार सोडून वाटी पाठवलीस आणि फटीला डोळा लावलास. आजोबांनी खाल्लं. वाटी बोटाने पुसून खाल्ली. त्या दिवशी तू मला म्हणालीस, आज मी जेवलो नाई तरी चालते.

आता त्या दसऱ्याकडे यायचं तर आधी तुझ्या गावाकडे जावं लागतं, कारण वाचणाऱ्यांतले बरेच जण विचारतील की इतकी जाणती स्वयंपाकीण खीर न चाखता वाढतेच कशी.

माझ्या पहिल्या वर्षी तू मला नव्याला, म्हणजे गावच्या नव्या धानाच्या सणाला, नेलंस. तेव्हा स्वयंपाकघरात एक म्हातारे मुख्य आचारी होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. गावाहून निरोप आला की तू फक्त त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचीस, आणि ते म्हणायचे, जा, भाकरी मी थापतो, वाकड्या झाल्या तर पाहुण्यांना सांगीन की ही नवीन फॅशन आहे. आपण ब्रह्मपुरीहून आरमोरीची जीप धरली, वैनगंगेचा पूल ओलांडला, पुढे दुसरी जीप आणि शेवटी पायी. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, लवकर येणारा हलका धान पिवळा होऊन वाकला होता. काही घरी कापून आलाही होता. पण गावात कोणी त्यातला दाणा तोंडात टाकलेला नव्हता. गावाचं नवं झाल्याशिवाय, नवा तांदूळ देवाला आणि घरच्या गेलेल्यांना दिल्याशिवाय जिवंत माणसाने त्याला जीभ लावायची नाही. आणि ते कधी, ते कॅलेंडरात नसतं. गावचा गायता, म्हणजे तुमचा पुजारी, शेतं बघतो, घरोघरची तयारी विचारतो आणि मग दिवस सांगतो. चार दिवसांवर आलं की निरोप सुटतात. बाहेर कामाला गेलेली माणसं जीप धरतात.

तुझ्या अंगणात नवा तांदूळ शिजला तेव्हा मी सवयीने तुझ्या तळव्याकडे बघत होते. तू पळी तळव्याशी नेलीच नाहीस. नुसता वास घेतलास, दोन बोटांत शीत दाबून पाहिलंस आणि बाजूला झालीस. मी विचारलं तर म्हणालीस, त्यायच्या आधी आपन कसं चाखाव. मग मोहाच्या पानांवर देवाचं झालं, तुझ्या सासू-सासऱ्यांचं झालं, तुझ्या नवऱ्याचं झालं. आणि मग तू भिंतीला टेकून पाय लांब करून बसलीस आणि पानावरचा पहिला घास घेतलास. डोळे मिटलेस. इतक्या लोकांचा पहिला घास चोरून बघणाऱ्या बाईचा पहिला घास मी त्या दिवशी उघड्यावर बघितला. तुझा चेहरा कसा बदलला ते मी कुठल्याही तक्त्यावर दाखवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला ओढ्यापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणालीस, आता मी साल भर काम करतो. जणू बॅटरी भरून घेतली होतीस. मी हे त्यांना सांगून थकले, बाई. दोन दिवसांच्या सुट्टीवर ही बाई वर्षभर हसत राबते, असा सौदा तुम्हाला कुठे मिळेल?

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. टिनाखालच्या त्या खोलीवरून भांडण झालं आणि मी संघटनेत आले. तुझी खोली राहिली टिनाचीच, ते भांडण आम्ही अजून जिंकलेलो नाही. उस्ताद निवृत्त झाले. नागपूरचा मॅनेजर आला, बोलायला अत्यंत गोड. आम्ही सगळे एक कुटुंब आहोत, हे त्याचं वाक्य. त्याने सुट्टी मोबाइलवर आणली. पंधरा दिवस आधी मागायची, आणि कारण त्यातूनच निवडायचं: आजार, लग्न, मृत्यू, इतर.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि तुझ्या गावचा निरोप आला. रविवारी नवं. तू सवितासोबत मॅनेजरकडे गेलीस. सविता तुझ्याच बाजूच्या गावची, तुझ्या हाताखाली शिकत होती आणि तिच्याही गावचं नवं त्याच आठवड्यात. मॅनेजरने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग म्हणाला, सिस्टीम पंधरा दिवसांच्या आतलं घेत नाही, माझ्या हातात नाही. आणि नेमका याच रविवारी आपल्याकडे मोठा कार्यक्रम आहे. तुमचा सण एक-दोन आठवडे पुढे ढकलता नाही का येणार?

कार्यक्रम काय होता तो लिहून ठेवते, कारण सांगितलं तर लोकांना मी रचते आहे असं वाटतं. कार्यक्रम होता ‘नव्या तांदळाचा उत्सव’. पाहुण्यांसाठी. आरमोरीकडून नवा तांदूळ मागवला होता, दारात धानाची तोरणं बांधली होती, आणि पाटीवर लिहिलं होतं की आदिवासी परंपरेतल्या पहिल्या घासाचा अनुभव घ्या. नव्या तांदळाची, गुळाची खीर. रांधणार कोण, तर ज्या दोघींच्या घरचं नवं त्यांनी बुडवलं त्या.

पुढचं मला सविताने सांगितलं, आणि मग थोडं तू. खीर शिजत होती. गूळ घालायची वेळ आली तेव्हा तुला नथ लावून बाहेर चुलीपाशी बोलावलं, फोटोसाठी. एरवी तू गूळ आधी चाखायचीस, गुळात वर्ज्य काहीच नव्हतं. तू परत येईपर्यंत आत कोणीतरी नव्या भेलीचा सगळा गूळ विरघळवून खिरीत ओतून मोकळा झाला होता. तो गूळ खारट होता. खारवट जमिनीतल्या उसाचा असतो तसा. रंगाने ओळखू येत नाही, वासाने येत नाही. येतो फक्त जिभेला.

आणि तुझी जीभ त्या दिवशी बांधलेली होती. पातेल्यात नवा तांदूळ होता, गावचं नवं तुझ्याविना चाललं होतं, तू अजून खाल्लेलं नव्हतंस. सविताचंही तेच. बाकी सगळे वाढायला बाहेर धावत होते. सविता म्हणते, तू पळी हातात धरलीस, तळव्यापर्यंत नेलीस. तळवा पुढे केलास. मग पळी परत पातेल्यात सोडलीस, खिरीचा वास घेतलास, शीत दाबून पाहिलंस, जसं अंगणात करतात तसं. आणि म्हणालीस, “ने.”

पाहुण्यांनी एक चमचा घेतला आणि वाट्या खाली ठेवल्या. तू कुडाच्या फटीतून बघत होतीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बघत असणारच.

सोमवारी सकाळी मॅनेजरने सगळ्यांना उभं केलं. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. मैनाबाई, खीर चाखली होती का? तू म्हणालीस, नाई. का नाही? तू गप्प. पुन्हा विचारलं. तू गप्प. मग तो इतरांकडे वळून म्हणाला की चव न घेता वाढणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान, आणि तुला मोरीवर पाठवलं. तू पदर खोचलास आणि गेलीस.

हे कळल्यावर मी तुला ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर गाठलं. आठवतं? चहाच्या टपरीशी आपण भांडलो. मी तापलेलीच होते. मी म्हटलं, बोलली का नाहीस? कारण सांगितलं असतंस तर त्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. तू बशीत चहा ओतलास, फुंकर घातलीस, आणि मला अजून पाठ असलेलं ते बोललीस.

“सांगतलं असतं तं तो म्हनला असता, वा, छान हाय. पुढच्या साली पाटीच लावू, ही बाई नवं चाखत नाई म्हनून. पाहुने येऊन फोटो काढतीन. लुगडं नेसवलं, नेसलो. नथ घातली, घातलो. ते माहं नव्हतंच, गेलं तं का गेलं. हे माहं हाय.”

मी वेगळ्या बाजूने भांडले. म्हटलं, मग मी पत्रक काढते, गुलामगिरी म्हणून. तू म्हणालीस, गुलामी काऊन लिवतं? मले काम आवडते. मी म्हटलं, तेच तर, तुझ्या आवडीवरच ते जगतात. आवड आहे म्हणून टिनाखाली झोपतेस, आवड आहे म्हणून नथ घालतेस. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं भाकर फुगत नसली की तव्याकडे बघायचीस. म्हणालीस, “मंग का करू? नावडतं काम शोधू? का आवड सोडून देऊ, त्यायले फावते म्हनून?”

तुझी बस लागली आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. मला अजून वाटतं की माझं निम्मं तरी बरोबर होतं. आवडीच्या कामाला माणूस जास्त सोसतो आणि हे मालकाला ठाऊक असतं. पण मग त्यावर इलाज आवड मारणं हा नाही, हे तू म्हणत होतीस, आणि आमच्या पत्रकांत त्याला शब्द नव्हता. आम्हाला पिचलेली बाई हवी असते. तू पिचलेली नव्हतीस. तू चुलीवाचून उभी राहिलेली बाई होतीस, आणि तुला चूल परत हवी होती, बस. जाताना खिडकीतून तू एवढंच म्हणालीस की चुलीचं लिही, पंडुमचं नको. पंडुम, म्हणजे तुमचा तो सण, तो तू त्या हॉटेलच्या बाहेर ठेवला होतास.

मीही बाहेरच ठेवला. सगळा हिवाळा आम्ही नुसती चूल मागत होतो, कारण न सांगता. मॅनेजर दर वेळी विचारायचा, पण मॅडम, चाखली का नाही ते तर सांगा. आणि मी तुझ्यासारखीच गप्प. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला तू गप्प राहायला लावलंस, हे आमच्या संघटनेत कोणाला पटत नाही.

मग आज का लिहिते आहे? कारण तू गेल्यावर तुझ्या घरी आले तेव्हा तुझा भाऊ बुधाभाऊ अंगणात बसला होता, आणि सविता आली होती. तुझ्या जागी आता चुलीवर सविताला बसवलंय. तिलाही तीच नथ. ती तुझ्या घराच्या भिंतीशी उकिडवी बसून जमिनीवर काडीने रेघा ओढत होती आणि म्हणाली, “मले नव्याची भीती वाटून राह्यली, ताई. सन येनार म्हनून कोनी भेते का?” पाऊस लागेल, धान लोंबीला येईल, गायता दिवस सांगेल, सिस्टीम पंधरा दिवसांच्या आतलं घेणार नाही, आणि हॉटेल पुन्हा उत्सव लावेल. मग सविताने काय करायचं? चाखायचं, की चूल सोडायची? तुला निदान निवडताना सविताशिवाय कोणी बघत नव्हतं. तिच्या तळव्याकडे आता सगळे बघणार.

बुधाभाऊ ऐकत होता. मी त्याला विचारलं की बाईने नको म्हटलं होतं, लिहू का. त्याने सविताच्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाला, “लिवा आता. तिले आता कोन दाखवते पाहुन्यांले?”

आणि हसला. तुझ्यासारखाच हसतो, तोंड झाकून. मग झाकलेल्या तोंडाने रडला.

त्यानंतर मी मॅनेजरला भेटले आणि या वेळी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. खरंच वाईट वाटलं त्याला, ते मी बघितलं, खोटं कशाला लिहू. म्हणाला, असं होतं होय, मला काय माहीत. मग म्हणाला, मैनाबाई आमच्या कुटुंबातली होती, तिचा मोठा फोटो जेवणाच्या हॉलमध्ये लावतो. दाखवला. नऊवारी, नथ, हातात परात. मी म्हटलं, नथीशिवायचा लावा. त्याने सगळा कॉम्प्युटर शोधला. तुझा नथीशिवायचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. मी म्हटलं, मग फोटो राहू द्या, सुट्टी द्या: गावाचा निरोप आला की जायचं, नंतर कळवायचं, आणि त्या बाईची चूल तिच्यासाठी राखून ठेवायची. तो म्हणाला, हे धोरण वरून ठरतं. पाहुण्यांच्या अपेक्षा असतात.

तर अडलंय ते तिथे, बाई. पाहुण्यांच्या अपेक्षांवर. आमची पत्रकं वाचून ते हलत नाहीत. पाहुणा एक चमचा खाली ठेवतो तेव्हा मात्र दुसऱ्या सकाळी माणसं रांगेत उभी केली जातात. एवढी ताकद त्या चमच्यात आहे, हे तुझ्यावरूनच कळलं.

तुझे आभार मानायचे राहिले. चहाच्या त्या टपरीवर मी रागात उठले आणि तू माझी पिशवी पकडून त्यात केळीच्या पानात बांधलेली भाकर कोंबलीस. मोरीवरची बाई होतीस, चुलीला हात लावायची मनाई, तरी कुठून थापलीस कोण जाणे. तुझी बस सुटल्यावर मी ती स्टँडवरच उभ्या उभ्या खाल्ली. माझा चेहरा कसा झाला ते बघायला तू नव्हतीस, म्हणून सांगते. बदलला, बाई.

आता तुमच्याशी, जे हे वाचताहेत. तुमच्यातले किती जण या दसऱ्यानंतर वाघ बघायला या जंगलांत येणार आहेत, ते हॉटेलांना आत्ताच ठाऊक आहे. या. पोटभर जेवा. पण पानात नवा तांदूळ पडण्याआधी मॅनेजरला टेबलाशी बोलवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, रांधणाऱ्या बायकांना त्यांच्या गावच्या नव्याला सोडलं का. फोटोतल्या बाईला विचारू नका, ती नोकरीवर आहे, ती हसून हो म्हणेल. मॅनेजरला विचारा. तो ‘बघून सांगतो’ म्हणाला तर चमचा उचलू नका. सांगेपर्यंत बसून राहा, आणि ‘नाही’ म्हणाला तर जेवण तसंच टेबलावर ठेवून उठा.